ज्येष्ठात पौषाचं ऊन

सोलापुरात बाळी वेशीच्या आत, कुंभारांच्या घरांमागच्या बोळात सावित्रम्माचं घर होतं. घर तसं लहानच. दोन खोल्या, पुढे दक्षिणेकडे तोंड केलेली ओसरी आणि ओसरीपुढे शहाबादी फरशीचं अंगण. पण त्या अंगणावर सावित्रम्माचं सगळं घर चालत होतं. नवरा गेल्यावर तिनं पापडाचा उद्योग मांडला. उडदाचे, ज्वारीचे, लसूण घातलेले, साधे. सारजाबाई आणि आणखी तिघी सकाळी यायच्या, ओसरीत बसून लाटायच्या. लाटलेले पापड अंगणातल्या खाटांवर जुनी लुगडी पसरून वाळत घालायचे. सावित्रम्माचे पापड चाटी गल्लीतल्या दुकानांतून जात, लग्नघरांत जात, आणि पंचक्रोशीत त्यांना नाव होतं ते एकाच गोष्टीमुळे. ती पापड सावलीत कधी वाळवत नसे. सावलीतला पापड भाजताना चामट होतो, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं.

अंगणाच्या दक्षिणेला चनमल्लप्पाचं घर. मधली भिंत दोघांच्या सामाईक मालकीची, पुरुषभर उंचीची. चनमल्लप्पाची धान्याची आडत होती. माणूस मोठ्या आवाजाचा, पण मनानं वाईट नाही. आदल्या वर्षीच्या दुष्काळात त्यानं बोळातल्या कुणाला ज्वारीसाठी रांगेत उभं राहायची वेळ येऊ दिली नव्हती, हे लोक विसरले नव्हते. म्हणूनच त्र्याहत्तर साली, थोरल्या मुलाचं लग्न ठरल्यावर, सामाईक भिंतीवर दोन मजले चढवायचं त्यानं मनात आणलं तेव्हा बोळात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

सामाईक भिंतीवर चढायचं तर दुसऱ्या घराचा होकार लागतो. कागदाआधी बोळातल्या वडीलधाऱ्यांसमोर दोन्ही घरांनी हो म्हणायचं, ही तिथली रीत. सावित्रम्माच्या घरातून होकार यायला काहीच अडचण नव्हती, कारण तिचा दीर ईरप्पा चनमल्लप्पाच्याच आडतीत हिशेबाला होता. त्यानं घरी येऊन वहिनीला सांगितलं, तेही जेवता जेवता, दुसरीकडे बघत. अण्णा भिंत चढवणार आहेत, उद्या शिवलिंगप्पा येतील, तू फक्त मान हलव.

सावित्रम्मानं मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी शिवलिंगप्पा आले. बोळातले ते सगळ्यात थोरले, सगळे त्यांना अप्पा म्हणत. सावित्रम्मानं त्यांना पाणी दिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करून सांगितलं की एवढी उंच भिंत झाली तर थंडीत माझ्या अंगणात ऊन येणार नाही. पावसाळ्यात माझं काम बंदच असतं. मार्गशीर्षापासून लग्नांचे पापड, तोच माझा हंगाम. तेव्हाच अंगणात अंधार झाला तर पाच जणींच्या चुली कशा पेटायच्या?

चनमल्लप्पा हसला. तो म्हणाला, सावित्रक्काला सावलीचं भय वाटतंय होय, मग सावलीच बघू की. त्यानं महिपती गवंड्याला बोलावलं. भिंतीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या लांबीवर बांबू उभे करायला लावले, होणाऱ्या दोन मजल्यांच्या उंचीचे. त्यांवर आडतीतली गोणपाटं शिवून पडदा चढवला. उरलेली अर्धी भिंत होती तशीच बुटकी ठेवली. भर दुपारी गिरणीचा भोंगा झाल्यावर सगळ्यांना अंगणात बोलावलं.

ज्येष्ठ नुकताच लागला होता. उन्हात उभं राहवत नव्हतं. सगळ्यांनी आधी फरशीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा फरशीकडे. अंगणात सावलीचा ठिपका नव्हता. एवढ्या उंच गोणपाटाची सावली पडली होती ती हातभर, आणि तीही भिंतीपलीकडे, चनमल्लप्पाच्याच दारात.

“बघा,” चनमल्लप्पा म्हणाला, “माझी सावली माझ्याच डोक्यावर. सावित्रक्काच्या अंगणाला धक्का न्हाई.”

लोक हसले. शिवलिंगप्पांनीही मान डोलावली. ईरप्पाला तर सुटल्यासारखं झालं. आता फक्त वहिनीनं हो म्हणायचं राहिलं होतं.

पण सावित्रम्माला ते पटेना. काहीतरी चुकत होतं आणि ते काय, हे सांगायला तिच्यापाशी शब्द नव्हते. शब्द होते ते पायांपाशी. तिनं पायाखालच्या फरश्यांकडे पाहिलं. सासूच्या वेळेपासूनची एक शिस्त होती. उन्हाळ्यात खाटा भिंतीला चिकटवून मांडल्या तरी चालतं. पण पौषात भिंतीपासून तिसऱ्या फरशीच्या अलीकडे खाट मांडायची नाही. तिथपर्यंत या बुटक्या भिंतीची सावली असते, दिवसभर. ही खूण सगळ्या लाटणाऱ्या बायकांना ठाऊक होती. आज त्याच भिंतीची सावली अंगणात नव्हतीच.

“अण्णा,” ती म्हणाली, “हे ज्येष्ठाचं ऊन आहे. मला पौषाचं ऊन दाखवा.”

“पौषाचं ऊन ज्येष्ठात कुठनं आणू, अक्का? आडतीत तरी ते मिळत न्हाई.”

आता तर सगळेच मोठ्यानं हसले. थंडीत सूर्य जरा दक्षिणेला सरकतो हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. संक्रांत सगळेच करत. पण सरकून सरकून किती सरकणार, हातभर की दोन हात, असंच सगळ्यांना वाटत होतं. शिवलिंगप्पा समजुतीनं म्हणाले की पौष यायला सहा-सात महिने आहेत, तोवर काही लग्न थांबत नाही. तुझ्याकडे दाखवण्यासारखं काही असेल तर दाखव, नाहीतर हो म्हण. महिपतीला परांची बांधायला घ्यायची आहे.

काय दाखवणार हे तिला ठाऊक नव्हतं. तरी ती म्हणाली, कारहुणवीपर्यंत थांबा. कारहुणवी म्हणजे ज्येष्ठाची पौर्णिमा, त्या भागातला बैलांचा सण. सणाआधी कुणी नवं काम काढत नाही, म्हणून चनमल्लप्पानंही ते कबूल केलं. एवढंच सांगितलं की पडदा तसाच ठेवतो, अक्काला रोज बघता येईल.

ते दिवस सावित्रम्मानं कसेबसे काढले. बोळातून जाताना पोरं विचारत, सावित्रक्का, पौषाचं ऊन आलं का पार्सलनं? नळावर बायका हळूच गालात हसत. घरात ईरप्पा ताट पुढे ओढायचा आणि खाली मान घालून जेवायचा. एकदाच म्हणाला, वहिनी, मला उद्या पुन्हा त्यांच्याच गादीवर बसायचंय. तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, बस की, मी कुठे नको म्हणते आहे. पण पापड माझे आहेत.

उन्हाळ्यात त्या घरातले सगळे ओसरीत झोपत. रात्री अंग टाकल्यावर तिच्या डोळ्यांसमोर तो पडदा उभा राहायचा. एका रात्री असंच पडल्या पडल्या तिला सासूची आठवण झाली. सासू उन्हाळ्यातल्या पुनवेला ओसरीत झोपायची नाही, आत जायची. म्हणायची, मेला चंद्र थेट तोंडावर येतो, डोळ्याला डोळा लागत नाही. आणि पौषातल्या पुनवेला? तेव्हा चंद्र ओसरीत फिरकतही नसे. अगदी डोक्यावर असायचा. अंगणातल्या पाण्याच्या बादलीत दिसायचा.

सावित्रम्मा उठून बसली.

ओसरीत आत, उंबऱ्यापर्यंत, वर्षातून दोघेच शिरत. पौषातलं दुपारचं ऊन आणि ज्येष्ठातल्या पुनवेचं चांदणं. एवढी वर्षं ती दोन्ही बघत आली होती, पण दोन्ही एकाशेजारी एक ठेवून तिनं कधी पाहिलं नव्हतं.

मग तिला अक्कलकोटच्या शाळेतल्या मथुराबाई आठवल्या. सावित्रम्मा सातवीपर्यंत शिकली होती. मथुराबाईंनी एकदा वर्ग अंधारा करून मधोमध स्टुलावर कंदील ठेवला होता. तो सूर्य. नागव्वा नावाच्या मुलीला पृथ्वी केलं आणि तिला एका बाजूला कलून चालायला लावलं, कंदिलाभोवती. कलणं मात्र सोडायचं नाही, कायम त्याच भिंतीकडे कलायचं. एका बाजूला आली की नागव्वाचं डोकं कंदिलाकडे झुकायचं, दुसऱ्या बाजूला गेली की कंदिलापासून दूर. म्हणून सूर्य सहा महिने उत्तरेकडे सरकतो, सहा महिने दक्षिणेकडे, असं बाई म्हणाल्या होत्या. आणि चंद्र होती सावित्रम्मा स्वतः. पुनवेला कुठे उभी राहशील, बाईंनी विचारलं होतं. तिला नागव्वाच्या पाठीमागे उभं केलं होतं, कंदिलाच्या अगदी समोरच्या बाजूला. कंदील नागव्वाच्या तोंडावर, सावित्रम्मा पाठीवर. नागव्वाचं डोकं कंदिलाकडे झुकलं की पाठीमागच्या चंद्राकडे काय यायचं? कंबर. सगळ्या मुली फिदीफिदी हसल्या होत्या आणि धडा तिथेच संपला होता.

आता या वयात, ओसरीत अंधारात बसून, ती तो धडा पुढे नेऊ लागली. पुनवेचा चंद्र सूर्याच्या समोर. मग सूर्य वर उत्तरेला गेला की चंद्र खाली दक्षिणेला येणार. ज्येष्ठात सूर्य डोक्यावर, म्हणून पुनवेचा चंद्र पौषातल्या सूर्याच्या वाटेनं जाणार. पौषात ते अदलाबदल करणार. तिनं अंधारातच दोन्ही हातांनी ते करून पाहिलं, एक हात वर, एक खाली. जमत होतं. तरी तिला धीर होईना. हे सगळं बोळासमोर बोलायचं आणि चंद्र भलत्याच वाटेनं गेला तर?

त्रयोदशीच्या रात्री ती जागी राहिली. बुटक्या भिंतीची सावली दुसरी फरशी ओलांडून थांबली होती. चतुर्दशीला आणखी पुढे आली. तिनं सारजाबाईला सांगितलं, उद्या रात्री इथेच थांब.

“थांबंन की,” सारजाबाई म्हणाली. ती वैरागकडच्या खेड्यातून येऊन सोलापुरात राहिलेली, जिभेला हाड नसलेली बाई. “पर आक्का, वडाला फेऱ्या मारून उपाशी असंन मी. चांद न्हाय निगाला तर उपाशीपोटी शिव्या खायाच्या का?”

कारहुणवीला दिवसभर ढग होते. दुपारी बैलांच्या मिरवणुका गेल्या, रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरमाळा. घराघरात होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, झाल्या. सावित्रम्मानंही केल्या, पण तिचा निम्मा जीव आभाळात होता. संध्याकाळी चंद्र उगवला तो ढगांच्या आडच. जेवणं उरकून बोळ तिच्या अंगणात जमला. सणाचा दिवस, शिवाय फुकटची गंमत. शिवलिंगप्पांना खाट दिली. चनमल्लप्पा पान खात आला. महिपती गवंडी भिंतीला टेकून उभा राहिला. ईरप्पा ओसरीच्या खांबाआड होता.

सावित्रम्मानं पौषाचं ऊन कुठून येणार ते सांगितलं. कंदील, नागव्वा, मथुराबाई, सगळं. बोलताना तिचा आवाज दोनदा अडखळला. चनमल्लप्पानं पान तोंडात एका बाजूला सारलं.

“म्हणजे रात्री उजेड पाडून मला दिवसाचं ऊन दाखवायलीस. आणि चांद कुठंय?”

चंद्र नव्हता. ढग होते. थोड्या वेळानं लोक उठू लागले. पोरं तर खाटेखाली पेंगली होती. कुणीतरी जांभई देत म्हणालं, आता पौषातच या. शिवलिंगप्पाही काठी चाचपू लागले.

“अप्पा, थोडं थांबा,” सावित्रम्मा म्हणाली. “मला सहा महिने थांबायला सांगितलं असतं तर मी थांबले असते. तुम्ही एक रात्र थांबा.”

ते थांबले. तेवढ्यानं बाकीचेही थांबले. सारजाबाईनं सगळ्यांना होळगीचा तुकडा तुकडा दिला, स्वतःही घेतला. उपासाचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. ढग पूर्वेकडून हळूहळू विरत गेले, आणि मग एकदम, कुणी कंदिलाची वात मोठी करावी तसं अंगण उजळलं.

निम्मंच अंगण. ज्या बाजूला पडदा होता त्या बाजूची फरशी उजळलीच नाही. गोणपाटाची सावली भिंतीपासून निघून सगळं अंगण ओलांडून ओसरीच्या पायरीवर चढली होती. शिवलिंगप्पांची खाट त्या सावलीत होती. त्यांनी हात पुढे केला तर हातही दिसेना.

उठू पाहणारे लोक पुन्हा खाली बसले. चनमल्लप्पा मात्र आडतीतला माणूस, माल बघितल्याशिवाय भाव करणारा नव्हे. त्यानं नेमकं तेच विचारलं ज्याची सावित्रम्माला धास्ती होती. सावली पडली हे खरं, पण ही पौषाचीच सावली कशावरून? चंद्र आपल्या वाटेनं जातो, सूर्य आपल्या. चंद्राच्या भरवशावर मी घर बांधायचं थांबवू का?

“दुसऱ्या बाजूला बघा,” सावित्रम्मा म्हणाली. “बुटक्या भिंतीकडे.”

सारजाबाई आधीच तिकडे गेली होती. पदर कमरेला खोचून ती चांदण्यात वाकली होती आणि फरश्यांवर पाय ठेवून बघत होती.

“आगं बया,” ती म्हणाली, “ही तर आपली रोजची सावली हाय. आत्ता चौथीवर हाय बगा. थंडीत सकाळच्याला चौथीवर आस्ती, मग दुपार झाली की तिसरीवर सरती. तिच्याम्होरंच म्या खाट मांडती. ह्यो चांद माज्यापरीस शाना हाय.”

लाटणाऱ्या बाकीच्या तिघीही पुढे आल्या आणि व्हय, व्हय म्हणू लागल्या. चनमल्लप्पा म्हणाला, तुम्ही तिच्याच बायका, तुम्ही तिचीच री ओढणार. तेही खोटं नव्हतं. चंद्र होता, सावली होती, फरशी होती. साक्ष तेवढी तिच्या बाजूची ठरत होती.

तेव्हा ईरप्पा खांबाआडून पुढे आला. तो कुणाकडे न बघता अंगणात उतरला आणि चौथ्या फरशीवर सावलीच्या कडेला बसला, लहान मूल बसतं तसा मांडी घालून. सावली त्याच्या गुडघ्यांपाशी होती.

“थंडीत अव्वा मला इथे आंघोळ घालायची,” तो आईच्या आठवणीनं म्हणाला. “या फरशीवर. सावलीतून पाय बाहेर काढ म्हणायची. पाय बाहेर काढला की ऊन, आत घेतला की गारठा.” मग मान वर न करता, “अण्णा, ही पौषाचीच सावली आहे. मी उद्या गादीवर येईन, तुम्ही काय म्हणाल ते ऐकेन. पण ही पौषाचीच आहे.”

चनमल्लप्पानं चपला काढल्या. मग तो स्वतः पुढे आला आणि बुटक्या भिंतीच्या बाजूला फरश्या मोजत चालला. सावली सरकत होती. थोडी थोडी, चंद्र वर चढेल तशी मागे, भिंतीकडे. तो तिथेच उभा राहिला. चौथी फरशी मोकळी झाली, सावलीची कड तिसरीवर आली आणि तिथे थबकली. चंद्र आता बरोबर दक्षिणेला, चनमल्लप्पाच्या घरावर होता. सारजाबाईनं नुसता हात दाखवला. दुसऱ्या बाजूला, पडद्यामागचं अंगण अजून काळोखातच होतं.

“मी हो म्हणणार नाही, अण्णा,” सावित्रम्मा म्हणाली. “मुलाचं लग्न थाटात करा, पापड मी देते. पण या भिंतीवर मी चढू देणार नाही. आज नाही, पौषात नाही, कधीच नाही.”

एवढं बोलताना तिचा आवाज एकदाही अडखळला नाही.

शिवलिंगप्पा उठले, काठी घेतली. ते एवढंच म्हणाले की आमची चूक झाली, आपण उन्हाळ्यात उभं राहून हिवाळ्याचा निवाडा करत होतो. चनमल्लप्पानं महिपतीला हाक मारली आणि विचारलं की मजले मागे, घराच्या दक्षिण अंगाला घेतले तर पाया धरेल का? महिपती म्हणाला, धरेल, पण अलीकडे नुसती गच्ची राहील. राहू दे, चनमल्लप्पा म्हणाला, आणि पान थुंकायला बोळात गेला. जाता जाता ईरप्पाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, उद्या लवकर ये, सणाच्या गाड्या उतरवायच्या आहेत.

पडदा दुसऱ्या दिवशी उतरला. मजले मागे चढले, लग्न मार्गशीर्षात झालं, पापड सावित्रम्माकडूनच गेले. आणि पौष आला तेव्हा कुणाच्याच ध्यानात न आलेली एक गोष्ट घडली. चनमल्लप्पाच्या नव्या मजल्यांची सावली पडली ती सावित्रम्माच्या अंगणात नव्हे, पण कुठेतरी पडणारच होती. ती पडली त्याच्या स्वतःच्या गच्चीवर, जिथे सकाळी पेपर घेऊन बसायचं त्यानं ठरवलं होतं. गच्ची दिवसभर गार.

एक दिवस तो पेपर काखेत मारून बोळातून वळसा घेऊन सावित्रम्माच्या अंगणात आला, कानटोपी घातलेला. त्यानं एक रिकामी खाट चौथ्या फरशीवर ओढली आणि पाय उन्हात पसरून बसला. ओसरीत लाटणाऱ्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या.

सावित्रम्मा पापडांचं सूप घेऊन पायरी उतरली. तिनं खाटेकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं.

“अण्णा, चहा देते,” ती म्हणाली. “पण जरा पलीकडे सरका. ही जागा पापडांची आहे.”

चनमल्लप्पा सरकला.